टिंब चुकलं की हिशेब चुकला: मोबाइलवर दशांश अपूर्णांक वाचायचे आणि सोडवायचे कसे?

दशांश अपूर्णांक आपण सगळेच पाचवी-सहावीच्या गणितात शिकलो. परीक्षा झाली, विषय संपला असं वाटलं. पुढे हातात मोबाइल आला, त्यात कॅल्क्युलेटर आलं, मग तर हे सगळं डोक्यात ठेवायची गरजच उरली नाही. मलाही तसंच वाटायचं. गेल्या खरिपात ई-पीक पाहणी भरायला बसलो तेव्हा कळलं की कॅल्क्युलेटर बेरीज बरोबर करतं, पण आपण त्यात काय टाकलं हे त्याला कळत नाही.

मी सौंदडचा. गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनी तालुक्यात, मुंबई-कोलकाता महामार्गावरचं आमचं गाव. इकडे धान हेच मुख्य पीक. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी ॲप सुरू झालं आणि पेऱ्याची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची असं ठरलं. घरात 'स्वतः' म्हणजे मोबाइल ज्याच्या हातात तो, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या वेळी माझ्यासमोर तीन गटांचे सातबारे होते आणि त्यांवर क्षेत्र असं होतं:

०.४०.५०
०.८१.००
०.०५.००

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं लिहितात. एका आकड्यात दोन टिंबं पाहून मी गोंधळलो. कॅल्क्युलेटर दोन टिंबं घेत नाही. म्हणून मनानेच सोपं करून ०.४०५, ०.८१ आणि ०.५ टाकलं. उत्तर आलं १.७१५ हेक्टर. एक हेक्टर म्हणजे २.४७१ एकर, म्हणून गुणून पाहिलं तर जवळजवळ सव्वाचार एकर.

बाबा बाजूलाच बसले होते. म्हणाले, "काय रे बाबू, आपला धान तीन एकर अन् थोडा वर. हे सव्वाचार एकर वावर कुठून आणलास?"

चूक तिसऱ्या गटात होती. ०.०५.०० म्हणजे शून्य हेक्टर, पाच आर. मी पाचच्या आधीचं शून्य गाळलं आणि पाच आरांचे पन्नास आर केले. योग्य बेरीज ०.४०५ + ०.८१ + ०.०५ = १.२६५ हेक्टर. फरक ०.४५ हेक्टर, म्हणजे एकराहून जास्त! २०२३-२४ मध्ये राज्य सरकारने धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, प्रोत्साहन रक्कम दिली होती. त्या दराने ०.४५ हेक्टर म्हणजे ९,००० रुपयांचा फरक. नसलेल्या जमिनीचे पैसे मागायचे नव्हते, आणि उलट चूक झाली असती तर असलेल्या जमिनीचे बुडाले असते. एका शून्यापायी.

शून्याची जागा का महत्त्वाची

आपल्या संख्येत डावीकडे एक घर सरकलं की किंमत दहापट होते. एकक, दशक, शतक. उजवीकडे सरकलं की किंमत दहावा भाग होते. एककाच्या उजवीकडेही हा क्रम थांबत नाही. तिथे दशांश, शतांश, सहस्रांश अशी घरं येतात. टिंब, म्हणजे शाळेतलं दशांश चिन्ह, एवढंच सांगतं की एककाचं घर इथे संपलं.

म्हणून ०.५ मध्ये पाच दशांश घरात आहे, दहा भागांतले पाच. ०.०५ मध्ये तोच पाच शतांश घरात आहे, शंभर भागांतले पाच. मधलं शून्य रिकाम्या घराची राखण करतं. ते काढलं की पाच एक घर पुढे सरकतो आणि दहापट होतो.

आता आपल्या रोजच्या मापांकडे बघा. रुपयाचे शंभर पैसे, हेक्टरचे शंभर आर, आरचे शंभर चौरस मीटर. इथे लहान मापाला टिंबानंतर नेहमी दोन घरं लागतात. ७ रुपये ५ पैसे = ७.०५. १ हेक्टर ५ आर = १.०५. किलोचे हजार ग्रॅम, किलोमीटरचे हजार मीटर, म्हणून तिथे तीन घरं. ५ किलो ५० ग्रॅम = ५.०५०. हे ५.५० लिहिलंत तर साडेपाच किलो झालं. सातबाऱ्यावरची दोन टिंबंही याच हिशेबाने सुटतात: दोन्ही मापं शंभराच्या पटीत असल्यामुळे दुसरं टिंब नुसतं काढून टाकायचं, आकडे जसेच्या तसे ठेवायचे. ०.४०.५० चं ०.४०५० हेक्टर. शेवटचं शून्य ठेवलं काय, काढलं काय, किंमत तीच. पण मधलं शून्य हलवायचं नाही.

धान मोजताना हाच गोंधळ काट्यावर होतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर एखाद्या पोत्याचं वजन ४०.५८ दिसतं, तर दुसऱ्याचं ४०.०५८. पहिलं ४० किलो ५८० ग्रॅम, दुसरं ४० किलो ५८ ग्रॅम. घाईत कुणी दोन्ही 'चाळीस पॉइंट अठ्ठावन्न' असंच वाचतं. समजा ५० पोती आहेत आणि प्रत्येक पोत्यामागे अशी चूक झाली. ४०.५८ − ४०.०५८ = ०.५२२ किलो. पन्नास पोत्यांचे २६.१ किलो. २०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता, म्हणजे किलोला २३.६९. गुणाकार केला तर ६१८ रुपये ३१ पैसे.

कोणतं मोठं, २.५ की २.४५?

माझ्या शिकवणीला येणारी निम्मी मुलं २.४५ म्हणतात. कारण वाचतानाच आपण 'दोन पॉइंट पंचेचाळीस' म्हणतो, आणि पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे. सवय बदला. टिंबानंतरचे आकडे एकेक वाचा: दोन दशांश चिन्ह चार पाच. किंवा तुलना करण्याआधी शून्य जोडून दोन्हीकडची घरं सारखी करा: २.५० आणि २.४५. आता कुणालाही कळेल.

खरेदी केंद्रावर धानातला ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. ओलावा मोजणाऱ्या यंत्रावर एकदा १६.८ आणि एकदा १६.७५ आलं, तर कमी ओला धान कोणता? दुसरा. १६.८० पेक्षा १६.७५ कमी.

बेरीज, गुणाकार, भागाकार

बेरीज-वजाबाकीला एकच नियम आहे. टिंबाखाली टिंब मांडा, मग घरं आपोआप जुळतात. कागदावर करणाऱ्यांना हा नियम पाठ असतो. मोबाइलवर करणारे मात्र आकडे आडवे टाकत जातात आणि कुठे शून्य राहिलं ते कळत नाही. लांब बेरीज असेल तर आधी कागदावर उभी मांडावी आणि मग मोबाइलवर ताडून पाहावी, असं माझं मत आहे. म्हातारा विचार वाटेल, पण माझे ९,००० रुपये आठवा.

गुणाकारात टिंब आधी विसरायचं. ३४ पोती, प्रत्येकी ४० किलो, म्हणजे १,३६० किलो, म्हणजेच १३.६ क्विंटल. भाव २,३६९. टिंब सोडून २३६९ × १३६ = ३,२२,१८४. दोन्ही संख्यांत मिळून टिंबानंतर एकच आकडा होता, म्हणून उत्तरातही उजवीकडून एक आकडा सोडून टिंब: ३२,२१८.४. हा नियम का चालतो? १३.६ च्या जागी १३६ घेतले तेव्हा आपण दहापट केली होती. शेवटी ती दहाने भागून परत केली, बस.

भागाकारात मुलं अडतात ती उत्तर पाहून. १३.६ क्विंटल धान ०.४ क्विंटलच्या पोत्यांत भरायचा, तर पोती किती? १३.६ ÷ ०.४. दोन्हीकडे टिंब एक घर उजवीकडे सरकवा, १३६ ÷ ४ = ३४. "भागाकार केला तर संख्या वाढली कशी, सर?" हा प्रश्न दरवर्षी येतो. पोत्यांकडे बघा म्हणतो. एका क्विंटलमध्ये ०.४ ची अडीच पोती बसतात, मग पोत्यांचा आकडा क्विंटलपेक्षा मोठाच असणार. एकापेक्षा लहान संख्येने भागलं की उत्तर वाढतं आणि गुणलं की घटतं. पाव गुणिले म्हणजे चौथा हिस्साच ना.

आजोबांचं कॅल्क्युलेटर

बाबांनी माझी चूक मोबाइलशिवाय पकडली ती अंदाजावर. मराठीत हा अंदाज भाषेतच आहे. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द म्हणजे १.२५, १.५, १.७५, २.५, ३.५. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. ज्याला अडीचकी येते त्याला २.५ × १४ साठी कॅल्क्युलेटर लागत नाही, अडीच चौदे पस्तीस.

हे पाढे नव्या पैशांच्या आधीचे आहेत. १ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० नये पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे होते. तेव्हा सव्वा रुपया म्हणजे एक रुपया चार आणे, आणि सोळाच्या हिशेबात पाव-अर्धा-पाऊण सहज बसायचं. आज पंचवीस पैशांना 'चार आणे' म्हणणारे आजोबा त्याच हिशेबात बोलतात. ते नाणं मात्र ३० जून २०११ नंतर चलनातून गेलं.

आता वरच्या धानाचा हिशेब अंदाजाने करून बघा. १३.६ म्हणजे साडेतेरा, २,३६९ म्हणजे जवळपास चोवीसशे. साडेतेरा चोवीसशे, ३२,४००. मोबाइलवर ३२,२१८ आलं तर ठीक. ३,२२,१८४ किंवा ३,२२१ आलं तर टिंब घसरलंय. यूपीआयने पैसे पाठवतानाही हेच. १५०.५० टाकताना टिंब नीट दाबलं गेलं नाही तर १५०५० होतात. पिन टाकण्याआधी आकडा एकदा 'दीडशे रुपये पन्नास पैसे' असा तोंडाने म्हणून बघा.

प्रत्येक टिंब दशांशाचं नसतं

हा भाग शाळेच्या पुस्तकात फारसा नसतो, आणि मोबाइलवाल्यांचा सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. पुष्कळदा टिंब नुसतं दोन मापं वेगळी करतं. त्या मापांची पट दहा, शंभर, हजार नसेल तर तो दशांश अपूर्णांक नाही.

एकर-गुंठे घ्या. एकराचे गुंठे ४०. कुणी '२.२०' लिहिलं आणि त्याचा अर्थ २ एकर २० गुंठे असेल, तर ती अडीच एकर जमीन आहे. कॅल्क्युलेटरला ती २.२ एकर वाटते. आमच्या धानाची १.२६५ हेक्टर जमीन दशांशात ३.१३ एकर, आणि एकर-गुंठ्यांत ३ एकर ५ गुंठे, म्हणजे ३.०५. जमीन एकच, आकडे दोन! व्यवहाराच्या कागदावर नुसतं टिंब न देता 'एकर', 'गुंठे' असे शब्द लिहावेत. शेजारच्या छत्तीसगडात जमीन डिसमिलमध्ये सांगतात. ते एकराचा शंभरावा भाग आणि नावच 'डेसिमल'वरून आलंय, तिथे मात्र टिंब अगदी खरं दशांशाचं.

क्रिकेटमध्ये १६.४ षटकं म्हणजे १६ षटकं आणि ४ चेंडू. षटकाचे चेंडू सहा. एका संघाने १६.४ षटकांत १२० धावा केल्या तर धावगती किती? १२० ÷ १६.४ केलंत तर ७.३२ येतं आणि ते चूक. १६.४ षटकं म्हणजे बरोबर १०० चेंडू. १२० ÷ १०० × ६ = ७.२०. गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत दोन संघांचे गुण सारखे झाले की निकाल अशा आकड्यावर लागतो, आणि तिथे भांडणं कशी होतात ते सांगायला नको.

वेळेचंही तसंच: पंपाचं मीटर १.३० तास दाखवतं की दीड तास, हे आधी बघा. तासाची मिनिटं ६०, म्हणून १ तास ३० मिनिटं म्हणजे दशांशात १.५.

ॲपच्या आवृत्तीतलं टिंबही दशांशाचं नाही. ९.९ नंतर ९.१० येतं आणि ते नवीन असतं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा ३.९ वरून २०२१ मध्ये ३.१० वर गेली, तेव्हा काही फाइलींमध्ये ३.१० ही संख्या समजली गेली, तिचं ३.१ झालं आणि भलतीच जुनी आवृत्ती शोधली जाऊ लागली. तुम्ही शीटमध्ये १.१० टाइप करता आणि १.१ होतं, तेव्हा हेच घडतं.

जीपीएसमध्ये दोन्ही पद्धती आहेत. आमचा भाग साधारण २१ अक्षांश आणि ८० रेखांशांच्या आसपास. अंश-मिनिटांत २१ अंश ३० मिनिटं म्हणजे दशांशात २१.५, कारण अंशाची मिनिटं ६०. नकाशाच्या ॲपमध्ये बहुधा दशांश अंश दिसतात, आणि तिथे घरांची गंमत छान कळते. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर. म्हणून टिंबानंतरचं दुसरं घर सुमारे १.१ किलोमीटरचं, तिसरं १११ मीटरचं, चौथं ११ मीटरचं, पाचवं एका मीटरहून थोडं जास्त. कुणी लोकेशनचे दोनच दशांश पाठवले तर तुम्ही त्याच्या गावात पोहोचाल, बांधीत नाही.

मोबाइलच्या स्वतःच्या खोडी

कॅल्क्युलेटर शेवटची शून्यं गाळतं. ३२,२१८.४० रुपयांचं ते ३२२१८.४ दाखवतं. हे .४ म्हणजे ४० पैसे, ४ पैसे नव्हे. सातबाऱ्याच्या हिशेबात १.५ आलं तर ते १ हेक्टर ५० आर. कागदावर उतरवताना पैशांना आणि आरांना दोन, ग्रॅमना तीन घरं पूर्ण लिहायची सवय लावा.

स्वल्पविरामाकडेही लक्ष असू द्या. आपल्याकडे तो लाख-हजार वेगळे करायला असतो. जर्मनीसारख्या देशांत उलट आहे, तिथे १.२३४,५० म्हणजे आपले १,२३४.५०. फोनचा प्रदेश चुकून बदलला असेल तर काही ॲप तसेच आकडे दाखवतात.

आणि शेवटची खोड सर्वात मजेशीर. पायथन चालवणारं एखादं ॲप उघडा आणि ०.१ + ०.२ विचारा (आकडे इंग्रजीत टाका). उत्तर ०.३ यायला हवं ना? येतं ०.३०००००००००००००००४. संगणक दहाच्या नाही, दोनच्या घरांत मोजतो: अर्धा, पाव, आठवा भाग. आपल्याला जसा एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, ०.३३३ असं चालूच राहतं, तसा त्याला एक दशांश पूर्ण लिहिता येत नाही. कुठेतरी तोडावा लागतो आणि किंचित फरक राहतो. म्हणून पैशांचे प्रोग्रॅम लिहिणारे रुपयांऐवजी पूर्ण पैसे मोजतात, किंवा दशमान हिशेबाची वेगळी सोय वापरतात. अँड्रॉइडमधलं गूगलचं कॅल्क्युलेटर वेगळ्या, अचूक पद्धतीने मोजतं, म्हणून तिथे ०.३ च दिसेल.

हा किंचित फरक साठत गेला की काय होतं, ते २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियात धाहरान इथे दिसलं. अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा वेळ एक दशांश सेकंदात मोजत होती आणि तो एक दशांश २४ बिटांत तोडून ठेवलेला होता. यंत्रणा सुमारे १०० तास बंद न करता चालू होती. तेवढ्यात चूक साठून सुमारे ०.३४ सेकंदाची झाली. येणारं स्कड क्षेपणास्त्र यंत्रणेने भलत्याच जागी शोधलं, ते सापडलं नाही, आणि ते बराकीवर पडून २८ सैनिक मेले.